जुनी गाडी नव्यापेक्षा महाग: इंग्लंडहून नाशिकला निघालेल्या एका रेंज रोव्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका डॉक्टर दांपत्याचं आहे. ते भूलतज्ज्ञ, त्या बालरोगतज्ज्ञ. इंग्लंडच्या मिडलँड्स भागात एका तपाहून जास्त काळ नोकरी केल्यावर २०२४ च्या दिवाळीच्या आसपास कायमचं नाशिकला परतायचं त्यांनी ठरवलं. नाशिकला वडिलांनी उभं केलेलं छोटं रुग्णालय आहे, कागदोपत्री ते आता प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. ओळख पटू नये म्हणून काही कौटुंबिक तपशील बदलले आहेत आणि रकमा गोळाबेरीज केल्या आहेत. करांचे दर मात्र त्या त्या वेळचे आहेत.

त्यांच्याकडे रेंज रोव्हर स्पोर्ट होती. तीन लिटर डिझेल, २०२२ च्या शेवटी सॉलिहलच्या कारखान्यातून निघालेली, ब्रिटिश व्हॅटसह ऐंशी हजार पौंडांच्या आसपास घेतलेली. एप्रिल २०२४ मध्ये त्यांचा मला फोन आला. आयातकराची आणि कस्टम्सच्या कागदपत्रांची कामं मी पुण्यातून बघतो, पण माझी बहुतेक मंडळी यंत्रसामग्री आणणारी असतात. स्वतःची गाडी आणायची म्हणून कोणी फोन केला की पुढचा प्रश्न मला आधीच ठाऊक असतो.

"ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये गाडी बसते ना, सर?"

बसत नाही. परदेशी दोनतीन वर्षं राहून आलेल्या माणसाला घरसामानावर सवलत मिळते ती बॅगेज म्हणून. कस्टम्स कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय की बॅगेजमध्ये मोटार वाहन येत नाही. फ्रिज, सोफा, मुलांची पियानोसुद्धा त्या कंटेनरमधून येईल. गाडी आली तर ती सरळसरळ आयात. हे ऐकून डॉक्टर थोडा वेळ गप्प झाले. कारण घरातल्या सगळ्यांनी "आपली वापरलेली गाडी आहे, तिच्यावर कसला कर" हे गृहीत धरूनच नाशिकच्या बंगल्याचं फाटक रुंद करायला घेतलं होतं.

प्रश्न नेमका काय होता

वरवर प्रश्न साधा होता, गाडी आणायची की विकायची. पण घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याला वेगळंच वळण लागलं होतं. मॅडमचा, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीचा, भाऊ दुबईत असतो. त्याने तिथल्या शोरूमची किंमत टाकली आणि लिहिलं, "जिजाजी, तिकडची विकून टाका, इथून नवी कोरी घेऊन जा." सिंगापूरच्या मावसभावाने आपल्याकडच्या किमती टाकल्या, त्या बघून सगळे थक्क झाले. नाशिकहून आप्पांनी, म्हणजे डॉक्टरांच्या वडिलांनी, मुंबईच्या शोरूमचं कोटेशन पाठवलं. एकच गाडी आणि चार देशांत चार किमती, त्याही पाच-दहा टक्क्यांच्या फरकाच्या नाहीत. सगळ्यांचा निष्कर्ष एकच निघाला: कुठेतरी स्वस्त मिळते, तिथून उचलून आणली की फायदा.

म्हणून पहिल्या बैठकीत (व्हिडिओ कॉलवरच, ते इंग्लंडमध्ये होते) मी भारताचं बोलायच्या आधी बाकीचे तीन देश उलगडून दाखवले. ग्राहकाला एकदा हे कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप गळतात.

चार देश, चार हिशेब

ब्रिटनमध्ये ही गाडी देशातच बनते. त्यामुळे आयातकराचा संबंध नाही. किमतीत मोठा कर म्हणजे २० टक्के व्हॅट. त्याशिवाय चाळीस हजार पौंडांहून महाग गाडीला वार्षिक रोड टॅक्समध्ये काही वर्षं जास्तीची रक्कम पडते, पण ती खरेदीच्या किमतीत दिसत नाही.

दुबईत गाड्यांचा मोठा उद्योग नाही, म्हणून वाचवायलाही काही नाही. सीमाशुल्क ५ टक्के, त्यावर व्हॅट ५ टक्के. शंभराची गाडी करांसह एकशे सव्वादहाला पडते. मेहुण्यांनी टाकलेली किंमत खरीच होती.

सिंगापूर हे सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण. तिथेही गाड्यांचा मोठा उद्योग नाही, तरी गाडी जगातल्या सर्वात महागांपैकी. कारण तिथलं सरकार गाडी परदेशी आहे म्हणून कर लावत नाही, रस्त्यावर जागा अडवते म्हणून लावतं. मावसभावाच्या सांगण्यावरून मी ८० हजार सिंगापूर डॉलर मूळ मूल्याच्या गाडीचा हिशेब मांडला. अबकारी २० टक्के, म्हणजे १६ हजार. त्या बेरजेवर जीएसटी ९ टक्के, ८,६४०. मग अतिरिक्त नोंदणी शुल्क, ते २०२३ पासून चढत्या पायऱ्यांचं आहे: पहिल्या २० हजारांवर १०० टक्के, पुढच्या वीसवर १४०, त्यापुढच्या वीसवर १९०, मग २५०. एकूण १ लाख ३६ हजार. मूळ मूल्य ८० हजारांच्या वर गेलं की पायरी ३२० टक्क्यांची. आणि एवढं करूनही गाडी चालवायचा हक्क मिळत नाही. त्यासाठी सीओई नावाचं प्रमाणपत्र लिलावात बोली लावून घ्यायचं, तेही दहा वर्षांपुरतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांच्या गटातली बोली दीड लाख डॉलरवर गेली होती; मी हिशेबात एक लाख धरला. बेरीज ३ लाख ४० हजारांच्या वर, विक्रेत्याचा नफा अजून धरलेलाच नाही.

मावसभाऊ म्हणाला, "म्हणून तर मी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, फिरतो."

असेच आणखी नमुने आहेत. डेन्मार्कमध्ये नोंदणी कराची वरची पायरी १५० टक्क्यांची आहे. ऑस्ट्रेलियात २००० पासून ठरावीक किमतीच्या वरच्या रकमेवर लक्झरी कार टॅक्स आहे, २००८ पासून तो ३३ टक्के. होल्डन या तिथल्या गाडी कंपनीचा शेवटचा कारखाना २०१७ मध्ये बंद झाला, देशात वाचवायला गाडी उद्योग उरला नाही, कर मात्र अजून चालू आहे. एकदा तिजोरीत यायला लागलेला कर सहजासहजी जात नाही, हे माझं निरीक्षण त्या बैठकीत मी बोलून दाखवलं आणि मॅडमनी लगेच विचारलं, "मग भारतातही तसंच का?"

भारतात दोन्ही आहे, उद्योगाचं रक्षणही आणि महसूलही. इथला भारी आयातकर मुळात देशी कारखान्यांच्या रक्षणासाठी. २००१ पर्यंत तर गाड्यांच्या आयातीवर संख्येचे निर्बंध होते. ते उठले आणि त्यांची जागा करांनी घेतली. कराचा रोख असा की बाहेरच्या कंपनीला गाडी इथे आणून विकणं परवडू नये, तिने इथे येऊन जुळणी करावी. तो हेतू बऱ्यापैकी साधलाही आहे. मर्सिडीज चाकणला, ऑडी संभाजीनगरच्या शेंद्र्याला, बीएमडब्ल्यू चेन्नईला जुळते ती याच कारणाने. त्यावर चैनीची वस्तू म्हणून जीएसटीचा वरचा दर आणि तेव्हा लागू असलेला सेस, हा झाला महसुलाचा भाग. आणि शेवटी राज्याचा रोड टॅक्स.

पहिला निर्णयबिंदू: गाडी कायद्याने येऊ शकते का

पैशांच्या आधी हे बघायचं. वापरलेली गाडी आणायची तर ती बनून तीन वर्षांहून जुनी नको. स्टीअरिंग उजवीकडे हवं. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा. निदान पाच वर्षं रस्त्यावर चालेल असं निर्यात करणाऱ्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र जहाजावर चढवण्याआधी हवं. उतरवायची फक्त मुंबई बंदरात. उतरल्यावर सोडवण्याआधी पुण्याची एआरएआय किंवा तेव्हाच्या अहमदनगरची व्हीआरडीई यांसारख्या वाहनचाचणी संस्थेकडून तपासणी.

दुबईचा पर्याय इथेच संपला. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, स्टीअरिंग डावीकडे. मेहुण्यांना हे पटायला वेळ लागला; "तिथे आरटीओत कोण बघतंय" वगैरे झालं. आरटीओच्या आधी कस्टम्स बघतं. उजव्या स्टीअरिंगची नवी गाडी दुबईत शोधली असती तरी नव्या गाडीला वेगळी अट आहे: ती जिथे बनली त्या देशातूनच यायला हवी.

डॉक्टरांची गाडी मात्र चाळणीतून गेली. उत्पादन २०२२ च्या शेवटचं, म्हणजे २०२४ च्या दिवाळीला दोन वर्षांची. इथे एक गोष्ट सगळे चुकतात: तीन वर्षं मोजायची ती उत्पादनाच्या तारखेपासून. ब्रिटनमध्ये नंबरप्लेटची मालिका मार्च आणि सप्टेंबरमध्ये बदलते, म्हणून बनलेली गाडी पुढच्या मालिकेसाठी काही महिने थांबवून मग नोंदवली जाणं तिथे नवलाचं नाही. लॉगबुकवरची नोंदणीची तारीख बघून निर्धास्त राहिलं तर अंगाशी येऊ शकतं. म्हणून मी उत्पादनाच्या तारखेचा पुरावा मागवला. डॅशबोर्डचा फोटोही मागवला. डिजिटल पडद्यावर मैलांचे आकडे ठळक होते. डॉक्टरांनी सेटिंगमध्ये जाऊन किलोमीटर केले आणि दुसरा फोटो धाडला, त्यात मागच्या सीटवरचं मुलाचं दप्तर आरशात दिसत होतं.

दुसरा निर्णयबिंदू: पडेल कितीला

हा भाग सविस्तर देतो, कारण प्रकरणाचा सगळा जीव यातच आहे.

कस्टम्स वापरलेल्या गाडीचं मूल्य आपण कितीला घेतली किंवा आज बाजारात कितीला जाईल यावरून ठरवत नाही. नवी असतानाची किंमत धरतात आणि त्यातून घसारा वजा करतात: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के, तिसऱ्या वर्षी अडीच टक्के. दोन वर्षांचे झाले २८ टक्के.

८० हजार पौंडांतून व्हॅट काढला तर ६६,७०० उरतात. पौंड १०५ रुपये धरून ७० लाख. त्यातून २८ टक्के गेले, ५० लाख ४० हजार. जहाजभाडं आणि विमा मिळवून मी ५३ लाख मूल्य धरलं.

त्यावर वापरलेल्या गाडीचा मूळ सीमाशुल्काचा दर तेव्हा १२५ टक्के आणि त्याच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, मिळून १३७.५ टक्के. म्हणजे ७२ लाख ८८ हजार. बेरीज १ कोटी २५ लाख ८८ हजार. या बेरजेवर २८ टक्के जीएसटी आणि एसयूव्हीचा २२ टक्के सेस, म्हणजे ५० टक्के, आणखी ६२ लाख ९४ हजार. एकूण १ कोटी ८८ लाख ८२ हजार. यात बंदराचा खर्च, तपासणी, क्लिअरिंग एजंट काहीच नाही. आयात गाडीला महाराष्ट्रात २० टक्के रोड टॅक्स, पण तेव्हा वरची मर्यादा २० लाखांची होती, म्हणून तिथे २० लाख. झाले दोन कोटी नऊ लाख, आणि वर किरकोळ.

त्याच सुमारास इंग्लंडहून तयार आलेली नवी कोरी रेंज रोव्हर स्पोर्ट, डायनॅमिक एसई, मुंबईच्या शोरूमला १ कोटी ६९ लाखांच्या आसपास होती. व्हेरिएंट तंतोतंत एक नव्हतं, तरी मुद्दा तोच राहतो. दोन्हींकडचा रोड टॅक्स बाजूला ठेवला तरी दोन वर्षं वापरलेली, स्वतःच्या मालकीची गाडी आणायला नव्या गाडीहून वीस लाख जास्त.

डॉक्टरांनी एक्सेल शीट दोनदा तपासली. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला: "कंपनीसुद्धा हीच गाडी याच देशातून आणते. तिला स्वस्त कशी पडते?"

दोन कारणं आहेत. एक, नव्या गाडीचा दर तेव्हा ११० टक्के होता, वापरलेलीचा १३७.५. जुन्या गाड्यांचा ढीग इथे येऊ नये म्हणून हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. नव्या गाडीवरचे सगळे कर गुणले तर मूल्याच्या ३.१५ पट होतात. १ कोटी ६९ लाखांना ३.१५ ने भागलं तर ५३ लाख ६५ हजार येतात. त्यातही डीलरचं कमिशन आणि कंपनीचा इथला खर्च आहेच, म्हणजे कस्टम्सपुढे कंपनीने दाखवलेलं मूल्य त्याहूनही कमी असणार. तर कंपनीची नवी कोरी गाडी ५३ लाखांच्या आत मूल्यांकित होते आणि डॉक्टरांची दोन वर्षं जुनी ५३ लाखांना. कंपनी आपल्याच भारतीय शाखेला घाऊक भावात विकते. एकटा माणूस किरकोळ यादीच्या भावावर कर भरतो. करांचे गुणक इतके मोठे असले की मूल्यातला एक लाखाचा फरक शेवटी तीन-साडेतीन लाखांचा होऊन बसतो.

इथे डॉक्टरांच्या मनातून गाडी आणायचा विचार गेला. आप्पांच्या मनातून गेला नव्हता.

तिसरा निर्णयबिंदू: आडवाटा

आप्पांच्या ओळखीत मुंबईचा एक एजंट निघाला. त्याने दोन गोष्टी सुचवल्या. मूल्य कमी दाखवू, किंवा कार्नेवर आणू आणि "मग बघू". कार्ने म्हणजे पर्यटकाने आपली गाडी काही महिन्यांपुरती कर न भरता आणायची आणि परत न्यायची सोय. कायमचं परतणाऱ्या माणसाला ती लागूच नाही, आणि गाडी परत गेली नाही तर कर, दंड, जप्ती सगळं मागे लागतं.

मी आप्पांना नाशिकला जाऊन भेटलो. त्यांना कायद्याचं कलम दाखवून उपयोग नव्हता. २०२१ मध्ये डीआरआयने, म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालयाने, परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावावर करमाफीत आलिशान गाड्या आणून विकणारी टोळी पकडली होती, त्याच्या बातम्या दाखवल्या. आप्पा म्हणाले, "त्या मोठ्या लोकांच्या भानगडी." मग मी सांगितलं, गाडी जप्त झाली तर वर्तमानपत्रात नाव रुग्णालयाचं येईल. विषय तिथे मिटला.

पुद्दुचेरीला नोंदणी करून रोड टॅक्स वाचवायचा, हेही कुणीतरी सुचवलं होतं. मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणी जिथे राहता किंवा व्यवसाय करता तिथेच, आणि दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. नाशिकला राहणाऱ्याला पुद्दुचेरीचा पत्ता आणायचा कुठून? यावर जास्त वेळ घालवला नाही.

चौथा निर्णयबिंदू: शोरूमची घाई

मे महिना उजाडला. उरलेला सरळ पर्याय म्हणजे इंग्लंडची गाडी विकायची आणि इथे नवी घ्यायची. आप्पा मुंबईच्या एका डीलरकडे जाऊन आले आणि बुकिंगच्या बेतात होते. विक्रेता घसघशीत सूट देत होता, अट एकच: डिलिव्हरी याच महिन्यात घ्यायची.

मॅडमनी ग्रुपवर एक ओळ लिहिली. "आम्ही दिवाळीला येणार. तोपर्यंत गाडी चालवणार कोण? आणि एवढ्या महाग गाडीवर एवढी सूट का देतायत, ते आधी विचारा."

विचारलं. उत्तर मिळालं, "स्टॉक क्लिअरन्स." हा शब्द ऐकला की माझे कान उभे राहतात. बाहेरून तयार येणारी गाडी बहुधा मागणीप्रमाणे येते. तिचा साठा घाईने मोकळा करायचा म्हणजे एकतर नवं मॉडेल येतंय, नाहीतर किंमत हलणार आहे. मॉडेल तर नुकतंच आलेलं होतं. टाटांच्या मालकीच्या या कंपनीचा पुण्यातला कारखाना वेलार आणि इव्होक या तिच्याच दुसऱ्या गाड्या आधीपासून जुळवत होता. मला आतली काही खबर नव्हती, पण मी बुकिंग थांबवायला सांगितलं. खरं सांगायचं तर माझ्या तर्कापेक्षा मॅडमचा प्रश्न पुरेसा होता. गाडी लागणारच नाही तर आज घ्यायची कशाला?

२४ मे २०२४ रोजी घोषणा झाली. रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट पुण्यात जुळणार. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ब्रिटनबाहेर या गाडीची जुळणी होण्याची ती पहिलीच वेळ. स्पोर्ट १ कोटी ४० लाखांपासून, म्हणजे एकोणतीसेक लाखांनी स्वस्त.

इथे एक शंका वाचकाला येईल, ती डॉक्टरांनाही आली. सुट्या भागांवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स आधी न जुळवलेल्या किटवर, मूळ शुल्क १५ टक्के, अधिभारासह १६.५. जीएसटी-सेस धरून गुणक पावणेदोनच्या आसपास येतो. तयार गाडीचा ३.१५. मग किंमत जवळपास अर्ध्यावर यायला हवी होती. ती सतरा-अठरा टक्क्यांनीच का उतरली? कारण किटचं मूल्य म्हणजे अख्ख्या गाडीचं मूल्य नव्हे. जुळणीचा खर्च, कारखान्यातली गुंतवणूक, कमी संख्येमुळे प्रत्येक गाडीवर पडणारा बोजा हे सगळं इथे भारतात मिळवलं जातं. आणि कर वाचला त्यातला काही भाग कंपनी स्वतःकडे ठेवते, हे माझं मत आहे. एवढ्या महाग गाडीचा गिऱ्हाईक दहा लाखांनी पळत नाही, हे कंपनीलाही माहीत असतं. करामुळे किंमत चढते, पण कर उतरला की किंमत तेवढीच उतरेल असं समजू नये.

प्रत्यक्ष काय केलं

इंग्लंडची गाडी सप्टेंबरमध्ये विकली. अपेक्षेहून कमी आले. त्या काळात तिकडे या गाड्यांच्या चोऱ्या वाढल्या होत्या, विम्याचे हप्ते भडकले होते आणि जुन्या गाड्यांचे भाव उतरले होते. डॉक्टरांना पंचावन्न ते साठ हजार पौंडांच्या मधली रक्कम मिळाली. घरसामान ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सच्या सवलतीत आलं, त्यात काही अडचण नाही आली.

मग जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जुळलेली स्पोर्ट घेतली. पेट्रोल, डॉक्टरांच्या वैयक्तिक नावावर. शोरूमच्या १ कोटी ४० लाखांवर १३ टक्के, म्हणजे १८ लाख २० हजार रोड टॅक्स. १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेता आधीच वसूल करून सरकारात भरतो तो कर, गेला; तो आयकरात वळता होतो. विमा धरून एक कोटी साठ-पासष्टच्या दरम्यान सगळं बसलं. जुनी आणण्याच्या हिशेबाशी तुलना केली तर चव्वेचाळीस-पंचेचाळीस लाखांचा फरक, शिवाय जुनी विकून आलेले पैसे हातात. फक्त हे दोन आकडे शेजारी ठेवले तर निर्णय उघड वाटतो. एप्रिलमध्ये तो तसा नव्हता, हे त्या घरातल्या चर्चा ऐकलेला माणूस सांगेल.

वेगळं काय करता आलं असतं

गाडी रुग्णालयाच्या कंपनीच्या नावावर घ्यायला हवी होती का, हा मुद्दा आम्ही पुरेसा तोलला नाही. कंपनीच्या नावावरच्या गाडीला महाराष्ट्रात २० टक्के रोड टॅक्स, म्हणून सगळे घाबरून वैयक्तिक नावावर घेतात. पण १ कोटी ४० लाखांचे २० टक्के होतात २८ लाख, आणि मर्यादा तेव्हा २० लाखांची होती. म्हणजे प्रत्यक्षात जास्तीचे भरावे लागले असते १ लाख ८० हजार. त्याबदल्यात कंपनीला गाडीवर दरवर्षी १५ टक्के घसारा आयकरात दाखवता आला असता. जीएसटीचं क्रेडिट अशा गाडीवर मिळत नाही, तरी हिशेब कंपनीच्या बाजूनेच झुकत होता. रुग्णालयाच्या सीएंना बैठकीत बसवलं असतं तर हे निघालं असतं. आप्पांचा आग्रह मात्र होता की गाडी मुलाच्या नावावर हवी, आणि त्या आग्रहापुढे हिशेब कितपत टिकला असता, सांगता येत नाही. १ जुलै २०२५ पासून ती मर्यादा ३० लाख झाली आहे, त्यामुळे आज हाच सल्ला तसाच लागू पडणार नाही.

थांबायला हवं होतं का, हे डॉक्टर अजून अधूनमधून विचारतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि अशा मोठ्या गाड्यांवर जीएसटी सरसकट ४० टक्के झाला. आधीच्या ५० टक्क्यांच्या तुलनेत मोठाच फरक, आणि किमती लाखांनी उतरल्या. जानेवारीत याची चाहूल कोणालाच नव्हती. भाव उतरण्याची वाट बघत नऊ महिने नाशिकमध्ये बिनगाडीचं राहणं दोन डॉक्टरांना परवडणारं नव्हतं. ती चूक मी मानत नाही.

इंग्लंडमधली विक्री मात्र लवकर व्हायला हवी होती. मेमध्येच निर्णय पक्का झाला होता, तरी "जाईपर्यंत वापरू" म्हणून सप्टेंबरपर्यंत ठेवली आणि दर महिन्याला भाव उतरत गेला. तेव्हा तिथल्या बाजाराकडे आमच्यापैकी कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे भारताच्या करात गुंतलेले.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात "आलिशान गाड्यांवरचं शुल्क १०० वरून ७० टक्क्यांवर" अशी बातमी झळकली तेव्हा मेहुण्यांनी लगेच ग्रुपवर टाकली, "घाई केलीत!" पूर्ण अधिसूचना वाचली तर मूळ शुल्क उतरवून नव्या गाडीवर कृषी पायाभूत अधिभार ४० टक्के लावला होता, वापरलेलीवर त्याहून जास्त. नव्या महाग गाडीची बेरीज पुन्हा ११०, वापरलेलीची पुन्हा १३७.५. एक रुपयाही हलला नव्हता.

मागच्या महिन्यात डॉक्टरांच्या इंग्लंडमधल्या एका सहकाऱ्याचा फोन आला. त्यांनाही परतायचंय, त्यांच्याकडेही दोन वर्षांची गाडी आहे, आणि त्यांनी जुलै २०२५ मध्ये झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार कराराची बातमी वाचलीये. त्या करारात ब्रिटनच्या गाड्यांवरचा आयातकर टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचा आहे, पण ठरावीक संख्येपुरता. कोटा म्हटला की तो कंपन्यांच्या वाट्याला जाणार, एकट्यादुकट्या माणसाने त्याच्या भरवशावर बेत आखू नये, असं मी त्यांना सांगितलं. मग जुनीच एक्सेल शीट उघडून जीएसटीचा रकाना पन्नासवरून चाळीस केला. ५३ लाखांची गाडी १ कोटी ७६ लाखांना. पुढची बैठक ठरवण्याआधी गाडीच्या उत्पादनाची तारीख कळवा, एवढा निरोप दिला आहे.